आकाशाची चित्रे आणि एक लाल दगड

(एक सहशिक्षक, बी.ए., बी.एड.)



स्मरणिकेसाठी इतिहासावर एखादा लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा प्रथम मनात आले की नेहमीप्रमाणे एखाद्या बादशहावर किंवा एखाद्या लढाईवर लिहावे. इतिहासाच्या शिक्षकाकडून लोकांची अपेक्षाही तीच असते. पण या वेळी मी वेगळा विषय घेत आहे. माणसाने आकाशाची चित्रे कशी काढली आणि त्या चित्रांनी त्याला काय शिकविले, याचा हा थोडक्यात इतिहास आहे. हा विषय का घेतला, त्यामागे माझ्या हातून घडलेली एक चूक आहे. ती आधी सांगतो, म्हणजे पुढचे सारे समजणे सोपे जाईल.

२०१८ सालची गोष्ट. फेब्रुवारी महिन्यातील विज्ञान दिनानिमित्त शाळेत चित्रकला स्पर्धा ठेवली होती. विषय होता ‘अंतराळ’. परीक्षक म्हणून माझी नेमणूक झाली. कारण एवढेच की त्या दिवशी माझे तास रिकामे होते. सातवीतल्या एका मुलाने एका लघुग्रहाचे चित्र काढले होते. ‘सायकी’ नावाच्या धातूच्या लघुग्रहाकडे अमेरिका यान पाठविणार आहे, ही बातमी त्याने कोठेतरी वाचली होती. चित्रातला तो दगड त्याने लालभडक रंगविला होता. कडेला नारिंगी, मध्ये पिवळसर. मी वरवर पाहिले आणि म्हणालो, “अरे, लघुग्रह करड्या रंगाचा असतो. पुस्तकात बघत जा.” चित्र बाजूला ठेवले आणि पुस्तकातल्यासारखे करडे गोल काढणाऱ्या मुलाला पहिला क्रमांक दिला.

मुलगा काही बोलला नाही. पुढच्या वर्षी त्याने स्पर्धेत भाग घेतला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मी ते लक्षातही घेतले नाही.

ही गोष्ट येथेच सोडतो. शेवटी तिच्याकडे परत येऊ.

शेपूट, पाय आणि माशाचे तोंड

आता हजार वर्षे मागे जाऊ. इराणमधील रै या गावी इ. स. ९०३ मध्ये अब्दुर्रहमान अस्सूफी या विद्वानाचा जन्म झाला. पुढे बुवैही घराण्यातील अमीर अज़ुदुद्दौला याच्या आश्रयाने त्याने आकाशाचा अभ्यास केला आणि इ. स. ९६४ च्या सुमारास स्थिर ताऱ्यांवरील आपला प्रसिद्ध अरबी ग्रंथ सिद्ध केला. ग्रीक विद्वान टॉलेमी याने सांगितलेली ४८ तारकामंडले त्याने एकेक करून तपासली. जुन्या ग्रंथात लिहिले आहे म्हणून ते खरे, असे त्याने मानले नाही. प्रत्येक ताऱ्याचे तेज स्वतःच्या डोळ्यांनी पाहून नोंदविले आणि जेथे फरक आढळला तेथे तसे स्पष्ट लिहिले.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. अस्सूफीच्या ग्रंथात प्रत्येक तारकामंडळाची दोन चित्रे आहेत. एक, जमिनीवर उभे राहून आकाशाकडे पाहिल्यावर दिसते तसे. दुसरे, खगोल दाखविणाऱ्या गोलावर बाहेरून पाहिले असता दिसते तसे, म्हणजे उजवे-डावे उलटलेले. विचार करा, हजार वर्षांपूर्वी हा मनुष्य वाचकाला सांगत होता की एकच वस्तू दोन ठिकाणांहून पाहिली तर दोन प्रकारे दिसते, आणि दोन्ही बरोबर असतात! ऑक्सफर्ड येथील बोडलियन ग्रंथालयात या ग्रंथाची एक फार जुनी सचित्र प्रत आहे. तिची चित्रे अस्सूफीच्या मुलानेच काढली, असे परंपरेने मानले जाते.

याच ग्रंथात देवयानी मंडळाजवळच्या माशाच्या तोंडापाशी त्याने एक ‘लहानसा ढग’ नोंदविला. आज आपण जाणतो की तो ढग नव्हे. ती कोट्यवधी ताऱ्यांची एक स्वतंत्र दीर्घिका असून आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. अस्सूफीला हे ठाऊक असणे शक्य नव्हते. पण जे दिसले ते त्याने गाळले नाही.

जगभरच्या ज्योतिर्विदांच्या तोंडी आजही जी ताऱ्यांची नावे आहेत, त्यांतील कितीतरी अरबी आहेत, हे आपण ऐकले असेल. पण त्या नावांचा अर्थ काय, हे फार थोड्यांना माहीत असते. ‘डेनेब’ हे ‘ज़नब’, म्हणजे शेपूट. ‘रिगेल’ हे ‘रिज्ल’, म्हणजे पाय. ‘फोमलहॉट’ हे ‘फम अल्-हूत’, म्हणजे माशाचे तोंड. ही सगळी चित्रांच्या अवयवांची नावे आहेत. म्हणजे आधी माणसाने आकाशात चित्र पाहिले आणि त्या चित्राच्या शेपटीला, पायाला, तोंडाला जो तारा आला त्याला तेच नाव मिळाले. चित्रे विस्मरणात गेली तरी नावे राहिली.

दोघांनी एकच चंद्र पाहिला

आता इ. स. १६०९ कडे या. दुर्बीण नुकतीच निघाली होती. त्या वर्षीच्या जुलैमध्ये इंग्लंडमधील थॉमस हॅरियट या मोठ्या गणितज्ञाने दुर्बिणीतून चंद्र पाहिला आणि त्याचे चित्र काढले. त्याच वर्षाच्या अखेरीस इटलीत गॅलिलिओनेही चंद्र पाहिला आणि त्याचीही चित्रे काढली. हॅरियट काही महिन्यांनी आघाडीवर होता. तरी चंद्रावरील डोंगरांच्या शोधाचे श्रेय जगाने गॅलिलिओला दिले. असे का झाले?

हॅरियटच्या चित्रात चंद्राच्या प्रकाशित व अंधाऱ्या भागांमधील रेषा वेडीवाकडी दिसते, काही डाग दिसतात; पण त्या वेडेवाकडेपणाचा अर्थ त्याने लावलेला दिसत नाही. गॅलिलिओने मात्र पाहिले की अंधाऱ्या भागात काही ठिपके आधीच उजळलेले आहेत आणि हळूहळू मोठे होत आहेत. त्याने ओळखले, की ही पर्वतांची शिखरे आहेत. सूर्य उगवताना आपल्याकडेही डोंगरमाथ्यावर ऊन आधी येते आणि पायथा अंधारात असतो, तसेच हे. एवढेच नव्हे, तर त्यावरून त्याने त्या पर्वतांची उंचीही मोजून काढली. इ. स. १६१० च्या मार्चमध्ये त्याचे पुस्तक चित्रांसह प्रसिद्ध झाले आणि चंद्र हा गुळगुळीत, निर्दोष गोळा आहे ही जुनी समजूत डळमळली.

गॅलिलिओची दुर्बीण अधिक चांगली होती, हे खरेच. पण काही अभ्यासकांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले आहे. गॅलिलिओ फ्लॉरेन्सच्या चित्रकलेच्या वातावरणात वाढलेला होता. छाया आणि प्रकाश यांवरून उंचवटा कसा दाखवायचा, हे त्याला अवगत होते. पुढे १६१३ साली तेथील चित्रकारांच्या अकादमीनेही त्याला सभासद करून घेतले. ज्याचा हात सावली काढायला शिकला होता, त्याच्या डोळ्याने सावली वाचली. आणि गॅलिलिओचे पुस्तक वाचल्यानंतर हॅरियटने जी चित्रे काढली, त्यांत विवरे अगदी स्पष्ट आहेत! चंद्र तोच होता. आता पाहण्याची दृष्टी मिळाली होती.

विद्यार्थी मित्रांनो, विज्ञानाच्या वहीत आकृती काढताना “सर, आकृतीला किती मार्क?” असे तुम्ही विचारता. त्या वेळी हॅरियट आणि गॅलिलिओ यांना जरूर आठवा.

हरवलेला ग्रह आणि राजवाड्यातील वेधशाळा

सायकी हा ज्या लघुग्रहांच्या कुळातला, त्या कुळाचा इतिहास इटलीजवळच्या सिसिली बेटावर सुरू होतो. या बेटावर नवव्या शतकापासून अकराव्या शतकापर्यंत मुस्लिम अमिरांचे राज्य होते. पालेर्मो शहरी अमिराचा जो किल्ला होता, त्याच जागी पुढे नॉर्मन राजांनी आपला राजवाडा उभारला. याच पालेर्मोच्या दरबारात राजा रॉजर दुसरा याच्यासाठी अल्-इद्रीसी या भूगोलज्ञाने इ. स. ११५४ मध्ये जगाचा नकाशाग्रंथ पूर्ण केला होता. त्या राजवाड्याच्या मनोऱ्यात अठराव्या शतकाच्या शेवटी वेधशाळा स्थापन झाली. ज्युसेप्पे पियाझ्झी हा धर्मगुरू तिचा प्रमुख होता.

१ जानेवारी १८०१ च्या रात्री ताऱ्यांची यादी करीत असता पियाझ्झीला एक फिकट ठिपका दिसला. दुसऱ्या रात्री पाहिले तर तो जागचा हललेला! काही आठवडे त्याने त्याचा पाठलाग केला. मग तो आजारी पडला आणि तो ठिपका सूर्याच्या तेजात नाहीसा झाला. तेव्हा अवघ्या २४ वर्षांच्या गाऊस या जर्मन गणितज्ञाने थोड्याशा नोंदींवरून त्याची कक्षा काढून दिली आणि १८०१ च्या ३१ डिसेंबरला तो पुन्हा सापडला. हाच ‘सेरेस’. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात सापडलेला हा पहिला.

पुढे पॅलस, जूनो, व्हेस्टा सापडले. त्या वेळच्या ज्योतिर्विदांनी प्रत्येकाला एक लहानसे चित्र बहाल केले. सेरेसला विळा, पॅलसला भाला, जूनोला राजदंड, व्हेस्टाला अग्नीची वेदी. यादी लहान होती तोवर हे चालले. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शोध इतके वाढले की नवी नवी चित्रे आठवणार कोण आणि छापणार कोण? मग वर्तुळात क्रमांक लिहिण्याची पद्धत आली. १७ मार्च १८५२ रोजी नेपल्स येथे आन्नीबाले दे गास्पारिस याने जो सोळावा लघुग्रह शोधला, तो सायकी. ग्रीक पुराणात सायकी ही आत्म्याची देवता. म्हणून फुलपाखराचा पंख आणि तारा अशी खूण तिला मिळाली होती. आज ज्ञात लघुग्रहांची संख्या तेरा लाखांच्या वर गेली आहे. त्यांत अल्-बेरूनी, नसीरुद्दीन तूसी, उलुगबेग आणि खुद्द अस्सूफी यांच्या नावांचेही लघुग्रह आहेत, हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

आपल्या देशाचाही यात वाटा आहे. १७ एप्रिल १८६१ रोजी मद्रास वेधशाळेतून नॉर्मन पॉगसन याने एक लघुग्रह शोधला. आशिया खंडातून शोधला गेलेला हा पहिला, म्हणून त्याचे नावच ‘एशिया’ ठेवण्यात आले. त्याच वेधशाळेत चिंतामणि रघुनाथाचारी हे भारतीय सहायक होते. १८७४ साली शुक्र सूर्यबिंबावरून सरकणार होता, तेव्हा सामान्य लोकांना ते कळावे म्हणून त्यांनी पुस्तिका लिहिली आणि ती इंग्रजीबरोबर देशी भाषांतही, उर्दूतसुद्धा, निघाली. ज्ञान आपल्या लोकांना आपल्या भाषेत समजले पाहिजे, ही तळमळ दीडशे वर्षांपूर्वीच्या या माणसाला होती.

आपल्या दारातला खड्डा

लघुग्रह म्हणजे फार दूरची गोष्ट, असे वाटत असेल तर बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला जाऊन या. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते गोल विवर आकाशातून आलेल्या दगडाच्या आघाताने झालेले आहे. दख्खनच्या काळ्या कातळात पडलेले असे विवर जगात फारच दुर्मिळ. लोणासुर नावाच्या राक्षसाची कथा लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. अकबराच्या दरबारातील अबुल फज़लने ‘आईन-ए-अकबरी’त लोणारची नोंद घेतली, तीही अगदी व्यवहारी: तेथे काच आणि साबण बनविण्यास लागणारे पदार्थ मिळतात, खाऱ्या पाण्याचा झरा आहे, इत्यादी. इंग्रजी अमदानीत हा ज्वालामुखीचा खड्डा मानला जाई. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आघाताने काचेसारखे झालेले खनिज तेथे दाखविण्यात आले आणि हे आघाताचेच विवर, हे पक्के झाले. त्याचे वय किती, यावर मात्र मतभेद आहेत. एका पद्धतीने सुमारे ५० हजार वर्षे येते, दुसऱ्या पद्धतीने साडेपाच लाखांहून अधिक. २०२० साली या सरोवराला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले.

एकच खड्डा, कोणाला त्यात राक्षस दिसला, कोणाला साबण, कोणाला ज्वालामुखी. प्रत्येकाने आपापल्या डोळ्यांनी पाहिले. खरे उत्तर यायला वेळ लागला, पण पाहणे कोणी थांबविले नाही, म्हणूनच ते आले.

खडूंनी रंगविलेला मंगळ

१९६५ सालच्या जुलै महिन्यातील एक हकिकत मला फार आवडते. अमेरिकेचे मरीनर-४ हे यान मंगळाजवळून गेले. यानाकडून चित्रे आकड्यांच्या रूपाने येत होती आणि तीही इतकी सावकाश, की एक चित्र पुरे व्हायला आठ तासांहून अधिक वेळ लागे. आकडे तर आले, पण त्यांचे चित्र करणारे यंत्र आपले काम संपवीपर्यंत धीर कोणाला? पॅसाडेना येथील प्रयोगशाळेतील अभियंत्यांनी काय केले? आकडे छापलेल्या कागदाच्या पट्ट्या शेजारी शेजारी भिंतीवर लावल्या, दुकानातून रंगीत खडू आणले आणि प्रत्येक आकड्याला एक रंग ठरवून, लहान मुले रंगपुस्तक भरतात तसे ते भरून काढले. तपकिरी, तांबूस, पिवळा. पाहता पाहता मंगळाची कड उमटली. अंतराळयानाने पाठविलेले मंगळाचे ते पहिले चित्र माणसाच्या हाताने रंगविलेले होते. ते आजही तेथे जपून ठेवले आहे.

त्याच वर्षी १८ मार्चला अलेक्सेई लिओनोव्ह हा रशियन अंतराळवीर यानाबाहेर तरंगणारा पहिला मानव ठरला. त्याच सफरीत त्याने जवळच्या रंगीत पेन्सिलींनी अंतराळातून दिसणाऱ्या सूर्योदयाचे रेखाचित्र काढले. कॅमेरे होते, तरी त्याला पेन्सिल न्यावीशी वाटली. चंद्रावर पाऊल ठेवलेला ॲलन बीन तर १९८१ मध्ये नोकरी सोडून चित्रकारच झाला.

ज्याला कोणी पाहिले नाही, त्याचे चित्र

आता सायकीकडे वळू. हा लघुग्रह सर्वांत रुंद ठिकाणी सुमारे २८० किलोमीटर, म्हणजे मुंबई-पुणे अंतराच्या दुपटीहून थोडा कमी. सूर्याभोवती एक फेरी घालायला त्याला सुमारे ५ वर्षे लागतात आणि स्वतःभोवती तो चार तासांपेक्षा थोड्या अधिक वेळात फिरतो. पूर्वी असे वाटे, की तो जवळजवळ सगळाच लोखंड व निकेल या धातूंचा असावा. एखाद्या होऊ घातलेल्या ग्रहाचे वरचे कवच टकरींनी उडून जाऊन उरलेला गाभा. पुढच्या मोजमापांवरून आता तो धातू आणि खडक यांचे मिश्रण असावा असे मानले जाते, आणि त्यात धातूचा वाटा ३० ते ६० टक्के असावा असा अंदाज आहे. पृथ्वीचा गाभा आपल्या पायांखाली इतका खोल आहे की तेथे कोणी जाऊ शकत नाही. सायकी खरोखरच गाभा असेल तर आपल्याच पृथ्वीचे पोट कसे आहे, याचा अंदाज तेथे मिळेल.

हे पाहण्यासाठी लिंडी एल्किन्स-टँटन या शास्त्रज्ञ बाईंच्या नेतृत्वाखाली मोहीम आखली गेली. २०१७ च्या जानेवारीत नासाने तिची निवड केली. २०२२ मध्ये निघायचे यान, त्याच्या संगणकीय प्रणालीची तपासणी वेळेत पुरी न झाल्याने थांबले. शेवटी १३ ऑक्टोबर २०२३ रोजी फ्लॉरिडातून त्याचे उड्डाण झाले. आखणीप्रमाणे ते २०२९ च्या ऑगस्टमध्ये सायकीपाशी पोहोचायचे आहे.

आणि येथे विद्यार्थ्यांचा भाग येतो. या मोहिमेने ॲरिझोना स्टेट विद्यापीठातून एक उपक्रम सुरू केला. २०१७-१८ पासून दर वर्षी अमेरिकेतील निरनिराळ्या महाविद्यालयांतून काही पदवीचे विद्यार्थी निवडले जातात. अट अशी नाही की ते विज्ञानाचेच असावेत. कोणी साहित्याचा, कोणी संगीताचा, कोणी अभियांत्रिकीचा. मोहिमेतील शास्त्रज्ञ त्यांना सायकीविषयी समजावून सांगतात आणि मग ही मुले आपापल्या माध्यमातून निर्मिती करतात. चित्रे, शिल्पे, गाणी, कापडावरील काम, खेळ. त्यात सायकीचा रंग प्रत्येकाचा निराळा असतो. कोठे चंदेरी, कोठे जांभळा, कोठे तांब्यासारखा.

शास्त्रज्ञ त्यांना “हा रंग चूक” असे का म्हणत नाहीत? कारण सरळ आहे. सायकी जवळून कोणीही पाहिलेला नाही. सर्वांत मोठ्या दुर्बिणींतूनही तो एक लहानसा अस्पष्ट डागच दिसतो. वर्तमानपत्रांत त्याची जी सुंदर चित्रे छापून येतात, ती सारी चित्रकारांनी शास्त्रज्ञांच्या माहितीवरून काढलेली आहेत. म्हणजे प्रत्येक चित्र हा एक अंदाज आहे, एक प्रश्न आहे.

आणि अंदाज चुकण्यात लाज नाही. बेन्नू या लघुग्रहाला ते नाव एका नऊ वर्षांच्या शाळकरी मुलाने सुचविले होते. २०१३ मध्ये ते मान्य झाले. त्याच्याकडे ओसायरिस-रेक्स हे यान २०१८ च्या डिसेंबरमध्ये पोहोचले, तेव्हा शास्त्रज्ञांना वाटले होते की पृष्ठभाग बारीक रेतीचा, बराचसा सपाट असेल. प्रत्यक्षात सगळीकडे मोठमोठे धोंडे! उतरण्याची जागा पुन्हा शोधावी लागली. त्यांनी तसे मोकळेपणाने सांगितले, नवी योजना केली आणि २४ सप्टेंबर २०२३ रोजी त्या लघुग्रहाचे १२१.६ ग्रॅम नमुने पृथ्वीवर सुखरूप आणले.

पुन्हा तो लाल दगड

सायकी यान उडाल्याची बातमी मी २०२३ च्या ऑक्टोबरात वाचली. बातमीसोबत त्या विद्यार्थी उपक्रमाचीही माहिती होती. ती वाचताना मला पाच वर्षांपूर्वीचे ते लाल चित्र आठवले आणि मन अस्वस्थ झाले. ज्याला जगात कोणी पाहिले नाही, त्याचा रंग मी एका मुलाला छातीठोकपणे सांगितला होता!

चौकशी केली. दहावीनंतर तो मुलगा वडिलांच्या वेल्डिंगच्या दुकानात बसू लागला होता. मी एका संध्याकाळी दुकानावर गेलो. चहा झाला. मी विचारले, “बेटा, सातवीत तू लघुग्रह लाल का रंगवला होतास?” त्याला आठवत होते. तो जरा हसला आणि म्हणाला, “सर, पेपरात लिहिलं होतं तो लोखंडाचा आहे, आणि आधी ग्रहाच्या पोटात वितळलेला होता. आमच्या दुकानात लोखंड तापलं की लाल होतं, कडेला नारिंगी, मध्ये पिवळं. मला वाटलं, तोही तसाच असणार.”

वाचकहो, मी काय उत्तर देणार? त्या मुलाने वाचले होते, रोजच्या अनुभवाशी जोडले होते आणि त्यावरून अनुमान काढले होते. आज तो लघुग्रह थंड आहे, लाल तापलेला नाही, हे खरे. एवढेच मी त्याला सांगायला हवे होते आणि पाठ थोपटायला हवी होती. मी एक शब्द विचारला असता तर पुरे होते. तो शब्द म्हणजे ‘का?’

मी त्याला म्हणालो, “माझं चुकलं.” त्याचे वडील शेजारीच होते. ते म्हणाले, “सर, त्यात काय एवढं? चित्रं काढून पोट थोडंच भरतं?” मी गप्प राहिलो. पण तो मुलगा खाली मान घालून हातमोजे काढ-घाल करीत होता, ते मी पाहिले.

पालक बंधु-भगिनींनो, त्या वडिलांचे म्हणणे आपल्यापैकी अनेकांच्या मनात असते. ते चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. घराची ओढाताण मी जाणतो. मीही अशाच घरातून आलो आहे. पण चित्र हे केवळ भिंतीवर टांगण्यासाठी नसते, एवढे या इतिहासावरून ध्यानात यावे. अस्सूफीने चित्र काढता काढता तारे तपासले. गॅलिलिओला सावलीने डोंगर दाखविले. अभियंत्यांनी खडू घेऊन मंगळ पाहिला. पाहणे, लक्षात ठेवणे, जोडणे आणि अंदाज बांधणे, हे सारे हात करीत असतो. वेल्डिंगचा सांधा नीट बसविणारा हातही हेच करतो. डॉक्टर, अभियंता, शिवणकाम करणारी भगिनी, सर्वेक्षण करणारा अमीन, कोणाला रेषेची गरज नाही? शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षाही आहेत. फी फार नसते. मुला-मुलींना त्यांना बसवा. मुलींना तर अवश्य बसवा.

आणि शिक्षक बंधूंना एक विनंती. आता आमच्या विज्ञान दिनाच्या स्पर्धेचा नियम मी बदलून घेतला आहे. प्रत्येक चित्राखाली मुलाने एक वाक्य लिहायचे: हे असे का काढले? गुण त्या वाक्यालाही मिळतात. गेल्या वेळी सहावीतल्या एका मुलीने लोणारचे विवर काढून खाली लिहिले होते, “अम्मी कणकेच्या गोळ्यावर अंगठा दाबते तेव्हा कड अशीच वर येते.” विज्ञानाच्या सरांनी ते वाचून सांगितले, की विवराची कड खरोखरच आघाताने वर उचललेली असते. दुसऱ्या एका मुलाने काळ्या कागदावर काळाच लघुग्रह काढला होता. खाली वाक्य: “तिथे सूर्य लांब आहे.”

त्या प्रदर्शनाला मी वेल्डिंगच्या दुकानातल्या त्या तरुणालाही बोलावले होते. येईल असे वाटले नव्हते. दुकान बंद करून, संध्याकाळी उशिरा, तो आला. एकेक चित्र पाहत, खालची वाक्ये वाचत फिरला. जाताना त्याने एवढेच विचारले, “सर, पुढच्या वर्षी माजी विद्यार्थ्यांनी चित्र दिलं तर चालेल का?”

चालेल, असे मी त्याला सांगितले आहे. यान २०२९ मध्ये पोहोचायचे आहे. सायकीचा खरा रंग तेव्हा कळेल. तोवर आपल्या मुलांना आपापला रंग भरू द्या, आणि भरून झाल्यावर जवळ बसून, न रागावता, विचारा: “बेटा, असा का?”